मे महिन्यात बर्फ कुठे गाठावा?

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. सकाळची मिस्सा आटोपून मी निवासाच्या सोप्यावर नोंदवही उघडून बसलो होतो. विहिरीने तळ गाठला होता, मागीलदारी फणस पिकून घमघमाट सुटला होता आणि अंगणात वाळत घातलेल्या काजूच्या बियांमधून अनवाणी जाणाऱ्याचे पाय पोळत होते. अशा वेळी आमच्या धर्मग्रामातील एक मावशी पदराने घाम टिपीत आल्या आणि पायरीवरच थबकल्या.

“फादर, एक विचारू का? पण हसायचं नाही.”

“विचारा ना, मावशी.”

“मे महिन्यात बर्फ असतो का हो कुठं?”

मी हसलो नाही, कारण प्रश्नामागील काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मावशींचा धाकटा मुलगा ऑस्ट्रिया देशातील तिरोल प्रांतात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. हिवाळाभर पाहुणे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत असतात. या खेळास तिकडे स्की म्हणतात. पाहुणे बाहेर खेळत असता हा आत बटाटे सोलीत असतो. पुनरुत्थानाचा सण झाला, पाहुणे पांगले, आणि उन्हाळ्याचा हंगाम सुरू होईपर्यंत हॉटेलास कुलूप लागले. आता त्याच्या हाती आठ दिवसांची रजा होती. सुटीच्या दुपारी थोडेबहुत स्की तो शिकला होता. स्वयंपाकघरातील आणखी तिघांसह कुठेतरी जाऊन मनसोक्त घसरावे असे त्याच्या मनात होते. पण चौघांची चार मते पडली होती. “फादर तिकडं राहून आलेत, त्यांना विचार, कुठं जावं,” असा निरोप त्याने आईकडे धाडला होता.

निरोप सांगून झाल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, “तुमचा शब्द तो मोडणार नाही, फादर. नको जाऊ म्हणून सांगा त्याला.”

मुलाचा प्रश्न ‘कुठे’ असा होता आणि आईला उत्तर ‘कुठेच नको’ असे हवे होते. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत जो विचार केला, तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्या गावांतील कितीतरी मुले-मुली आज थंड देशांतील हॉटेलांत, इस्पितळांत कामास आहेत. त्यांपैकी एखाद्यास तरी हा विचार उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रथम मावशींच्या प्रश्नाचे उत्तर. मे महिन्यात बर्फ असतो, पण तो सर्वत्र नसतो. आल्प्स पर्वतातील स्कीची बहुतेक ठिकाणे पुनरुत्थानाच्या सणानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत बंद होतात. हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांमध्ये मागेपुढे होत असल्याने हंगामाचा शेवटही मागेपुढे होतो. त्यानंतर दऱ्यांतील कुरणांवर पिवळी फुले येतात, गाई गोठ्याबाहेर पडतात आणि ओढे दुथडी वाहू लागतात. तेव्हा ज्याला बर्फ हवा त्याने वर जावे किंवा उत्तरेस जावे. याखेरीज तिसरा मार्ग नाही.

वर जाण्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. भर उन्हाळ्यात वाई सोडून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरी पोहोचलो की अंगावरची हवा बदलते. सर्वसाधारण हिशेब असा की दर हजार मीटर उंचीस हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. आल्प्समध्ये मे महिन्यात भरवशाचा बर्फ पाहिजे असेल तर अडीच-तीन हजार मीटरची गोष्ट करावी लागते. त्यातही उत्तरेकडे तोंड केलेला उतार निवडावा लागतो, कारण दक्षिणेकडचा उतार ऊन पिऊन लवकर उघडा पडतो.

उत्तरेस गेल्यास मात्र एवढी उंची लागत नाही. स्वीडन व नॉर्वे यांच्या सीमेवर रिक्सग्रेन्सेन नावाचे ठिकाण उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. तेथील उतार अवघे पाचशे ते नऊशे मीटर उंचीवर असूनही मेच्या अखेरीपर्यंत लोक त्यांवर स्की करतात. त्या दिवसांत तेथे सूर्य मावळत नाही म्हणून मध्यरात्रीही खेळ चालतो. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग आहे. तेथील रज्जुमार्ग अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३९८० मीटरपर्यंत नेतो आणि वरच्या अंगास एप्रिलमध्येही स्की करता येते. त्याच काश्मीरचा आरिफ खान हा तरुण २०२२ साली बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताच्या वतीने उतरला होता.

पण आमच्या मुलाजवळ आठ दिवस होते आणि खिसा बेताचा होता. त्यामुळे निवड चौघांनी सुचविलेल्या चार ठिकाणांमधूनच करायची होती.

पहिल्याचे म्हणणे झेरमाटला जावे. स्वित्झर्लंडमधील या गावी पेट्रोलच्या मोटारींना मज्जाव आहे, आगगाडीनेच जावे लागते. गावावर मॅटरहॉर्न शिखर त्रिशुळाच्या मधल्या पात्यासारखे उभे असते. येथील रज्जुमार्ग ३८८३ मीटर उंचीवर पोहोचतो, म्हणजे युरोपात याहून उंच रज्जुमार्गाचे स्थानक नाही. वर थिओडुल हिमनदीवर बाराही महिने स्की चालते. बर्फाची खात्री पाहिजे असेल तर झेरमाटला तोड नाही. मात्र तेथील राहण्या-जेवण्याचा खर्च स्वयंपाकघरात राबणाऱ्या मुलांच्या आवाक्यातला नव्हे.

झेरमाटचे नाव निघाले की मला शेजारच्या खोऱ्यातील सास-फी आठवते. तेथे एका धर्मगुरूचा पुतळा आहे. त्यांचे नाव योहान योसेफ इमसेंग. ते सास-ग्रुंड येथे धर्मगुरू होते आणि डोंगर चढण्यातही वाकबगार होते. १८४९ सालच्या डिसेंबरच्या २० तारखेस ते पायांना लाकडी फळ्या बांधून सास-फीहून खाली सास-ग्रुंडला आले. एका मरणासन्न भाविकाकडे लवकर पोहोचावे म्हणून त्यांनी हे धाडस केले असे सांगतात. स्वित्झर्लंडमधील पहिला स्की करणारा म्हणून आज त्यांचेच नाव घेतले जाते. ज्या खेळासाठी आता लक्षावधी लोक येतात, त्याचा त्या देशातील आरंभ कर्तव्यासाठी झालेल्या अशा धावपळीतून झाला, हे मला फार हृद्य वाटते.

दुसऱ्याचे मत एंगेलबर्गला पडले. या नावाचा अर्थ देवदूतांचा डोंगर. गावात बेनेदिक्त संघाचा मठ आहे आणि तो ११२० साली स्थापन झाला. गाव सुमारे हजार मीटरवर, म्हणजे मेमध्ये हिरवेगार असते. पण तेथून रज्जुमार्गाने टिटलिस पर्वतावर ३०२० मीटरपर्यंत जाता येते आणि वरच्या हिमनदीवर मे महिन्यातही स्की चालते. वाटेतील शेवटचा पाळणा स्वतःभोवती गरगर फिरत वर जातो. हिंदी चित्रपटांमुळे आपल्या लोकांची तेथे इतकी गर्दी असते की साडी नेसून त्यावर लोकरी कोट चढविलेल्या आजीबाई बर्फाचे गोळे करताना दिसतात. ठिकाण उत्तमच आहे. पण बर्फ पाहणे वेगळे आणि बर्फावर आठ दिवस घालविणे वेगळे. शिवाय तिरोलहून तेथे जाण्यायेण्यात दोन दिवस मोडले असते.

तिसरे मत आमच्या मुलाचे स्वतःचे होते. हिंटरटुक्स हे ठिकाण तिरोल प्रांतातच, झिलरटाल नावाच्या खोऱ्याच्या एका फाट्यात आहे. गाव १५०० मीटरवर, वरचे स्थानक ३२५० मीटरवर आहे आणि येथेही हिमनदीवर वर्षाचे बाराही महिने स्की चालते. या खोऱ्याशी आपलेही एक नाते आहे. नाताळात आपण जे ‘सायलेंट नाइट’ गातो, ते १८१८ साली नाताळच्या आदल्या रात्री ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये प्रथम गायिले गेले. तेथून ते जगभर पसरविण्यात या झिलरटालमधील गायक कुटुंबांचा मोठा वाटा आहे. मात्र एवढे असूनही मुलाला आपली निवड फिकी वाटत होती. जवळचे ठिकाण म्हणून सोबती त्याची थट्टा करीत होते.

चौथ्याचे मत सर्वांत मोहक आणि माझ्या दृष्टीने सर्वांत काळजीचे होते. त्याला पाळणेही नको होते आणि आखलेले मार्गही नको होते. पायी चढून ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील धर्मशाळेत मुक्काम करावा आणि तेथून घसरत यावे, असा त्याचा बेत. ही खिंड मी पाहिली आहे. तेथे मी जे शिकलो ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामधील ही खिंड २४६९ मीटर उंचीवर आहे. इसवी सन १०५० च्या सुमारास संत बर्नार्ड यांनी वाटसरूंसाठी तेथे धर्मशाळा बांधली. त्या काळी हिमात गाडल्या गेलेल्या यात्रेकरूंची गणती नव्हती. धर्मशाळेस सुमारे हजार वर्षे होत आली तरी तिचे दार कुणासाठी बंद झाले नाही. संत ऑगस्टीन यांच्या नियमाने राहणारे धर्मगुरू आजही तेथे बाराही महिने असतात. ‘येथे ख्रिस्ताची आराधना होते आणि त्याला जेवू घातले जाते’ असे त्यांचे ब्रीद आहे. येणाऱ्या प्रत्येक थकल्या जीवात ते ख्रिस्त पाहतात असा त्याचा भाव. येथीलच ते प्रसिद्ध कुत्रे. त्यांतील बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक माणसे वाचविली असे म्हणतात आणि त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्न येथील संग्रहालयात आहे. पोप अकरावे पायस हे तरुणपणी स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी मॅकुन्यागाच्या बाजूने मोंते रोझा सर केला होता. १९२३ साली त्यांनीच संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

मोटारीचा रस्ता साधारणतः जूनच्या सुमारास उघडतो. १९६४ सालापासून खालून बोगदा असल्यामुळे वाहनांचे अडत नाही. पण धर्मशाळेत जायचे तर तोपर्यंत स्कीच्या पट्ट्या किंवा हिमपादुका बांधून सुमारे साडेपाचशे मीटर चढावे लागते. वाट एका अरुंद दरीतून जाते. तिचे नाव मृतांची दरी. ते उगाच पडलेले नाही.

मी रोमला अभ्यासास असताना, २०१८ सालच्या एप्रिलमध्ये आम्ही चौघे सहाध्यायी मार्टिनी या गावी एका मित्राच्या घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत जायचे ठरले. पहाटे पाचला निघण्याचा बेत होता. परंतु रात्री गप्पा रंगल्या आणि पहाटे घड्याळ वाजले ते मीच बंद करून पुन्हा पांघरूण ओढले. मग न्याहारी झाली, मग छायाचित्रे झाली. बोगद्याच्या तोंडाशी पोहोचून हिमपादुका बांधीपर्यंत साडेदहा वाजले. आकाश निळेभोर होते, ऊन असे की अंगातला कोट काढावासा वाटावा. यापेक्षा चांगला दिवस कोणता, असे आम्ही म्हणत होतो.

इतक्यात वरून एक वृद्ध गृहस्थ स्की करीत खाली आले. आम्हांस पाहून थांबले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग हातातील काठी आमच्या वाटेच्या कडेस रोवली. काठी मुठीपर्यंत आत गेली.

“आता कुठे निघालात?” त्यांनी विचारले.

“धर्मशाळेत.”

“धर्मशाळा उद्याही तिथेच असेल. परत जा आणि पहाटे या.”

आम्ही मुकाट्याने परतलो, पण मनातून नव्हे. एवढ्या लांबून येऊन, असा स्वच्छ दिवस असून, एका म्हाताऱ्याच्या शब्दावरून माघार घ्यावी याचा राग आला होता. मी तर उघड कुरकुर केली. खालच्या रस्त्याकडेला भाकरी खात आम्ही बसलो होतो. दुपारी दोनच्या सुमारास वरून आवाज आला. मालमोटारीतून एकदम चिरे ओतावेत तसा तो घरघराट होता. वर पाहिले तो दरीच्या एका अंगाचा ओला बर्फ मळलेल्या पिठासारखा सरकत खाली येत होता. तो थांबला तेव्हा सकाळच्या पाऊलवाटेचा मोठा तुकडा दिसेनासा झाला होता. त्या वेळी वाटेवर कुणी नव्हते. आम्ही असतो.

कितीतरी वेळ कुणी बोलले नाही. वेळेवर न उठण्याचा आळस माझा होता आणि त्याची किंमत चौघांनी मोजली असती, हे मला तेव्हा कळले. त्या वृद्धाचे नावही आम्ही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही चढू लागलो. कालचा तो लोण्यासारखा बर्फ आता दगडासारखा घट्ट होता आणि हिमपादुकांचे दात त्यावर कचकच वाजत होते. आठच्या सुमारास धर्मशाळेच्या दारात पोहोचलो. आत जाताच कुणीतरी गरम चहाचे भांडे हातात दिले. इतका गोड चहा मी आजवर प्यालो नाही.

वाचकहो, वसंत सरतानाच्या बर्फाचे सारे रहस्य या दोन दिवसांच्या फरकात आहे. दिवसभर उन्हाने वरचा थर वितळतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमिनीची ऊब निघून जाते आणि तो थर पुन्हा गोठतो. असे अनेकवार होऊन बर्फाचे कण मोठे, वाटोळे, जाड्या रव्यासारखे होतात. सकाळी ते एकमेकांस चिकटून टणक असतात. नऊ ते अकराच्या सुमारास वरचा बोटभर थर सुटा होतो आणि तेव्हा स्की इतकी सुखाने सरकते की नवशिक्यासही आपण वाकबगार झालो असे वाटते. तासा-दोन तासांनी तोच बर्फ पाण्याने जड होतो, कणांची पकड सुटते आणि तीव्र उतारावरून तो आपल्याच भाराने घसरतो. पूर्वेचा उतार आधी सैल होतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. रात्री ढग असले तर बर्फ गोठतच नाही. अशा सकाळी घरी बसणे हेच शहाणपण. दाव्होस येथील संशोधन संस्था स्वित्झर्लंडसाठी हिमस्खलनाच्या धोक्याची सूचना प्रसिद्ध करते. धोका एकपासून पाचपर्यंतच्या अंकांनी दाखविलेला असतो. वसंतात हा अंक सकाळी एक व दुपारी तीन असा असू शकतो. ठिकाण तेच, डोंगर तोच, फक्त घड्याळ पुढे सरकलेले.

हे ज्ञान जुने आहे. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियनने चाळीस हजारांच्या आसपास सैन्य याच खिंडीतून इटलीत उतरविले. तोफा पोखरलेल्या झाडांच्या खोडांत घालून बर्फावरून ओढल्या होत्या. आघाडीची तुकडी मध्यरात्रीनंतर चढू लागली. सूर्य तापून बर्फ कोसळू लागण्यापूर्वी दरी ओलांडावी हा त्यात हेतू होता. चित्रात नेपोलियन उधळलेल्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात तो खेचरावर बसून, गावच्या एका वाटाड्याच्या मागोमाग गेला. ज्याच्या शब्दाने राज्ये हालत होती, त्यालाही डोंगरात गावकऱ्याच्या मागून चालावे लागले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा बर्फ आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचे सुमारे १० टक्के घनफळ वितळून गेले. २०२२ च्या वसंतात सहाराच्या वाळवंटातील धूळ बर्फावर पडली. मळलेला बर्फ ऊन अधिक शोषून घेतो, म्हणून तो लवकर सरला. त्याच वर्षी जुलैअखेर झेरमाटलाही उन्हाळी स्की थांबवावी लागली. ३ जुलै २०२२ रोजी, रविवारी दुपारी, इटलीतील मार्मोलादा हिमनदीचा कडा कोसळून अकरा जणांचा अंत झाला. आजोबांच्या काळी अमुक महिन्यात अमुक वाट सुखरूप असे, हा दाखला आता पुरत नाही. प्रत्येक सकाळी नव्याने विचारावे लागते.

दोन दिवसांनी मावशी आल्या. मी त्यांना सोप्यावर बसविले आणि त्यांच्या देखत मुलाला फोन लावला.

“फादर, कुठं जाऊ?” त्याने विचारले.

“हिंटरटुक्सला जा,” मी म्हणालो. “तुझीच निवड बरोबर आहे. जवळ आहे म्हणून ती हलकी ठरत नाही. गाडीभाड्यात वाचेल तो पैसा शिक्षक ठेवण्यात घाल. तेथे आखलेले मार्ग आहेत, त्यांवर पहारा असतो. खांबांनी आखलेल्या रेषेबाहेर पाऊल टाकायचे नाही. हिमनदीच्या पोटात भेगा असतात आणि त्यांवरचा बर्फाचा पापुद्रा दिसायला जमिनीसारखाच असतो.”

“आणि सेंट बर्नार्ड? तो मित्र फार मागं लागलाय.”

“त्याला सांग, धर्मशाळा पुढेही तिथेच असेल. वाटाडा घेऊन जाल, शिकून जाल, तेव्हा मीच तेथील फादरांना पत्र देईन.”

मग मी त्याला बारीकसारीक गोष्टी सांगितल्या. पहिल्या पाळण्याने वर जावे. डोळ्यांना गडद चष्मा हवाच, कारण बर्फावरून परतलेले ऊन डोळे जाळते आणि उंचीबरोबर त्याची धार वाढते. वर चढवून खाली आणण्याचा खर्च भरून देणारा विमा उतरवावा. हॉटेलवाल्यास, पाळण्यावरच्या माणसास, शिक्षकास रोज सकाळी विचारावे की रात्री बर्फ गोठला का. आणि शेवटी सर्वांत मुख्य म्हणजे बारा वाजता, बर्फ कितीही चांगला वाटला तरी, खाली यावे. मॅटरहॉर्न १८६५ साली प्रथम सर झाला तेव्हा सातजण शिखरावर पोहोचले होते. त्यांतील चौघे उतरताना गेले. डोंगर चढता आला म्हणजे काम संपले असे नव्हे, घरी येईपर्यंत ते अर्धेच झालेले असते.

मावशी सारे ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही जा म्हणालात.”

“होय, मावशी. नको म्हटले असते तर तो माझ्या शब्दाखातर थांबला असता कदाचित. पण पुढच्या वर्षी न विचारता गेला असता. आता विचारून जातो आहे, हे अधिक चांगले नाही का?”

त्या काही बोलल्या नाहीत. अंगणातल्या बिया पायाने सारख्या करून घरी गेल्या.

त्या आठवड्यात मावशी रोज दुपारी चर्चमध्ये येऊन बसत. आपल्याकडील चार वाजले की उठून बाहेर येत आणि पायरीवर उभ्या राहून फोन पाहत. साडेतीन तासांचा फरक धरला तर तिकडे तेव्हा साडेबारा वाजलेले असत. रोज एक छायाचित्र येई. कधी चौघे बाकावर बसलेले, कधी नुसती सूपाची वाटी, कधी भिंतीला टेकवून ठेवलेल्या पट्ट्या. खाली दोन शब्द असत, ‘खाली आलो.’

पाचव्या दिवशी मात्र छायाचित्र सकाळीच आले. खिडकीबाहेर नुसते धुके आणि आत चौघे पत्ते खेळताहेत. खाली लिहिले होते, ‘रात्री ढग होते. आज गेलोच नाही. फादरांना सांग.’

मावशींनी ते मला दाखविले, आणि आठवड्यात पहिल्यांदाच हसल्या.